तिसऱ्या तारेचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाचे गाव. हंगामात बाजार समितीच्या आवारापासून जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांपर्यंत येथे वाहनांची रीघ लागते, आणि कल्याणहून निर्मलकडे जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या गावाला एका अंगाने पाथरीशी व दुसऱ्या अंगाने परभणीशी जोडून ठेवतो. तालुक्याच्या अशा गावांतून विजेवर चालणारी दुचाकी आणि तीनचाकी वाहने आता नवलाईची राहिलेली नाहीत. पेट्रोलचा भाव लिटरमागे शंभर रुपयांपलीकडे गेल्यावर हिशेबी माणूस विजेच्या गाडीकडे वळला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तीन युनिटांच्या आसपास वीज घेणारी बॅटरी स्कूटरला ऐंशी-नव्वद किलोमीटर नेते. त्याच अंतराला पेट्रोल किती लागते हे दुकानदाराला, शिक्षकाला आणि दूधवाल्याला कोणी सांगावे लागत नाही. हा हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा आहे. त्यात एक तार धरावयाची राहून गेली आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण आखले आणि २०२५ मध्ये ते नव्याने जाहीर केले. राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. केंद्र सरकारची फेम-२ योजना मार्च २०२४ मध्ये संपली. तिच्यामागून ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची पीएम ई-ड्राइव्ह योजना आली आणि त्यातील २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंगच्या सोयींसाठी राखून ठेवण्यात आले. आकडे मोठे आहेत आणि हेतूही चांगला आहे. परंतु या साऱ्या व्यवहारात मोजणी होते ती वाहनांची आणि स्थानकांची. तालुक्याच्या गावातील दुचाकी मात्र महामार्गावरच्या स्थानकावर रात्र काढीत नाही. ती घराच्या ओट्यावर, पडवीत किंवा दुकानाच्या शटरमागे उभी राहते आणि खिडकीतून बाहेर काढलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर वीज घेते. घरी किंवा कार्यालयात असलेल्या जोडणीवरूनच वाहन चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिलेलीच आहे. ती मुभा योग्य आहे. एरवी हे वाहन सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेच नसते. मात्र या मुभेबरोबर सुरक्षिततेची सारी भिस्त घरातल्या एका सॉकेटवर येऊन पडली, याची दखल धोरणाने घेतलेली दिसत नाही.

त्या सॉकेटला तीन छिद्रे असतात. खालच्या दोन छिद्रांतून वीज येते आणि जाते. वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, म्हणजे भूसंपर्काचे. प्लगची तिसरी पिन इतर दोन पिनांहून लांब आणि जाड केलेली असते ती उगाच नव्हे. वीज यंत्रात शिरण्यापूर्वी यंत्राच्या धातूच्या अंगाचा जमिनीशी संबंध जुळावा आणि प्लग उपसताना तो सर्वांत शेवटी सुटावा, हा तिचा हेतू. जुन्या घरांतून या तिसऱ्या छिद्रामागे पुष्कळदा काहीच नसते. तार भिंतीत कोठेतरी संपलेली असते, किंवा कधी घातलेलीच नसते. पंखा फिरतो, दिवा लागतो, मिक्सर चालतो. तेव्हा तिसरी तार नसल्याची तक्रार कोण करणार?

विजेच्या वाहनाने मात्र ही जुनी उणीव धोकादायक करून ठेवली आहे, आणि याची कारणे तीन आहेत. पहिले कारण वेळेचे. इस्त्री दहा-पंधरा मिनिटे चालते आणि तीही माणसाच्या नजरेखाली. स्कूटर रोज चार-पाच तास, तीनचाकी रिक्षा रात्रभर वीज ओढीत असते आणि घर झोपलेले असते. दुसरे कारण जागेचे. हे काम ओल्या ओट्यावर, उघड्या अंगणात, पावसाच्या सरीखाली चालते. तिसरे कारण वाहनाच्या घडणीचे. गाडी रबराच्या चाकांवर उभी असल्यामुळे तिच्या धातूच्या सांगाड्याचा जमिनीशी स्वाभाविक संबंध नसतो. मोटारीसारख्या वाहनात चार्जर गाडीतच बसविलेला असतो आणि तिसऱ्या तारेनेच तो सांगाडा जमिनीशी जोडला जातो. दुचाकीत बहुधा चार्जरचा डबा वेगळा असतो आणि धोका त्या डब्याला, त्याच्या दोरीला व एक्स्टेंशन बोर्डाला चिकटून राहतो. कोठेही आवरण झिजून फेजची तार धातूला टेकली, की तो धातू मुकाट्याने २३० व्होल्टांवर जाऊन बसतो. दिसत काही नाही, आवाज होत नाही. सकाळी अनवाणी पायांनी जो प्रथम हात लावील त्याच्या शरीरातून ती वीज जमिनीचा रस्ता शोधते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. विजेच्या गाडीचा अपघात म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे बॅटरीचा स्फोट येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे निकष कडक केले आणि ते योग्यच झाले. पण बॅटरीची जबाबदारी कारखान्यावर टाकता येते. भिंतीतल्या तारेची टाकता येत नाही. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांवरून दिसते. या मृत्यूंचे मथळे होत नाहीत. ते एकेकटे, शेतात, मोटारीच्या पेटीपाशी, ओल्या भिंतीपाशी घडतात. चार्जिंगच्या सॉकेटची भर या यादीत पडू द्यावयाची की नाही, हा आजचा प्रश्न आहे.

मातीचा स्वभाव

अर्थिंग असले म्हणजे सर्व ठीक, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. ती तपासून पाहिली पाहिजे, कारण येथेच अंकगणित सामान्य अनुभवाच्या विरुद्ध जाते. गावातील रोहित्राचा, म्हणजे लोकांच्या भाषेतील डीपीचा, न्यूट्रल त्याच्या पायथ्याशी जमिनीत पुरलेला असतो, आणि घराचे अर्थिंग घराच्या खड्ड्यात. या दोहोंना जोडणारी धातूची तार बहुतेक ठिकाणी नसते. जोडते ती मधली माती. समजा, घराच्या खड्ड्याचा विरोध २० ओहम आहे आणि डीपीच्या खड्ड्याचा ३ ओहम. फेजची तार चार्जरच्या डब्याला टेकली, तर २३० व्होल्टांना २३ ओहमांनी भागून १० अँपियर प्रवाह जमिनीतून वाहील. सॉकेटमागचा एमसीबी १६ अँपियरचा. तो दहा अँपियरला हलणारसुद्धा नाही. डब्यावर मात्र २०० व्होल्ट दाब राहील. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही डबा प्राणघातक आहे. घरमालकाला कळलेच तर वीजबिलावरून कळेल. दहा अँपियरची अशी गळती चोवीस तासांत ५५ युनिटे खाते.

आता यात मानवतच्या मातीचा स्वभाव मिळवावा. काळी कापसाची जमीन ओली असताना विजेची चांगली वाहक असते. पावसाळ्यात तिच्यातील खड्डा उत्तम काम देतो. पण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिल-मे महिन्यांत जिने शेताला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती अर्थिंगच्या नळीभोवती आकसून नळीला सोडून देते. नळी जागेवर असते, तिच्याभोवती पोकळी असते. शिवाय काळ्या थराखाली दख्खनचा बसाल्ट, आणि कोरडा खडक विजेला दाद देत नाही. चैत्र-वैशाखात तोच २० ओहमांचा खड्डा ६० ओहमांवर गेला, असे धरले तर दोषप्रवाह पावणेचार अँपियरच्याही खाली येतो आणि डब्यावरचा दाब २१९ व्होल्टांवर चढतो. जुने वायरमन कोळसा आणि मीठ घालून खड्डा भरीत आणि उन्हाळ्यात नरसाळ्याने त्यात पाणी ओतावयास सांगत, ते या मातीचा स्वभाव ओळखून. त्यातही एक मेख आहेच. मिठाने ओल टिकते आणि त्याच मिठाने लोखंडी नळी गंजते. दहा वर्षांपूर्वी भरलेला खड्डा आज जिवंत आहे की नाही, हे मोजल्याखेरीज सांगता येत नाही. आणि मोजतो कोण?

या पेचातून सुटण्याचा मार्ग विद्युत अभियंत्यांनी केव्हाच दाखवून ठेवला आहे. सामान्य भाषेत ज्याला ईएलसीबी म्हणतात आणि दुकानात जो आता आरसीसीबी या नावाने मिळतो, तो गळती ओळखणारा स्विच हे त्याचे उत्तर. फेजने जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलने परतला की नाही, एवढेच तो पाहतो. हिशेबात ३० मिलिअँपियरची, म्हणजे अँपियरच्या तीन शतांशाची, तूट आढळली की निमिषार्धात वीज तोडतो. एका अर्थी तो घरातला लेखापरीक्षक आहे: जमा आणि खर्च जुळत नसेल तर व्यवहार बंद. वरच्या उदाहरणात खड्ड्याचा विरोध २० ओहम असो, ६० असो की एक हजार असो, हा स्विच सुटतो. कारण एक हजार ओहमांतूनही २३० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि तो ३० च्या सातपटीहून अधिक आहे. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीला यापेक्षा चांगला जोडीदार नाही.

मग अर्थिंगची गरज उरली नाही काय? उरलीच. अर्थिंग शाबूत असेल तर दोष घडताच गळती सुरू होते आणि स्विच त्याच क्षणी सुटतो, मग घरात कोणी जागे असो वा नसो. अर्थिंग नसेल तर गळतीला वाट मिळते ती माणसाने हात लावल्यावर. स्विच तेव्हाही सुटतो, पण धक्का बसून झाल्यावर. तिसरी तार आणि हा स्विच यांचे नाते असे परस्परांचे आहे. एकीने दोष उघड करावयाचा, दुसऱ्याने तो तोडावयाचा.

विजेच्या वाहनाची आणखी एक खोच आहे. चार्जर उलटसुलट प्रवाहाचा एकदिश प्रवाह करतो. चार्जरमध्ये दोष झाला तर गळतीही एकदिश स्वरूपाची असू शकते, आणि अशी गळती साध्या, एसी प्रकारच्या स्विचला आंधळे करते. त्याच्यातील चुंबकीय गाभा सुन्न होतो. म्हणून वाहनासाठी किमान ए प्रकारचा स्विच लागतो, आणि मोठ्या चार्जरसाठी ६ मिलिअँपियरपलीकडची एकदिश गळती ओळखणारी जादा व्यवस्था किंवा बी प्रकारचा स्विच. दुकानात दोन्ही डबे सारखेच दिसतात. फरक असतो तो डब्यावरच्या एका लहानशा चिन्हाचा आणि काही शे रुपयांचा.

चार्जरची फसवणूक

काही मोटारींच्या आणि स्कूटरींच्या चार्जरमध्ये तिसरी तार जिवंत आहे की नाही हे तपासण्याची योजना आता असते. अर्थिंग नसेल तर तांबडा दिवा लागतो आणि चार्जर काम करण्यास नकार देतो. यंत्राने माणसाला दिलेली ही प्रामाणिक सूचना होय. पण गिऱ्हाईक चिडते, विक्रेत्याला दूरध्वनी करते, गावातला वायरमन बोलावला जातो. आणि खड्डा खणण्याऐवजी सॉकेटच्या मागे वीतभर तारेने न्यूट्रल आणि अर्थिंगचे टोक एकत्र जोडून टाकण्यात येते. दिवा हिरवा होतो. पाच मिनिटांचे काम, चहापाण्याचा खर्च. सगळ्यांची सोय झाली.

ही सोय म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. या जोडणीनंतर गाडीचे अंग न्यूट्रलला बांधले गेले. वळवाच्या वाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल तुटला, किंवा दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर चार्जरमध्ये कोणताही दोष नसताना गाडीचे संपूर्ण अंग २३० व्होल्टांवर जाते. पुढे आरसीसीबी बसविला असला, तरी गळतीचा मोठा भाग त्याच्याच आतून न्यूट्रलने परत जात असल्याने दोष वेळीच ओळखण्याची त्याची शक्ती खुंटते. न्यूट्रल तुटण्याची भीती केवळ मराठवाड्याला आहे असेही नाही. ब्रिटनसारख्या देशात, जेथे रस्त्याखालच्या केबलमधून संरक्षक तार आणि न्यूट्रल एकत्रच घरापर्यंत येतात, तेथेही घराबाहेर उभ्या वाहनाला ती तार सरसकट जोडण्यास वायरिंगच्या नियमावलीने मज्जाव केला आहे आणि स्वतंत्र उपाय योजावयास सांगितले आहे. तेथे भूमिगत केबलवर जो विश्वास टाकता येत नाही, तो येथे उघड्या खांबावरच्या तारेवर टाकावयाचा काय? चार्जरला फसविता येते. विजेला फसविता येत नाही.

कायदा कोठे थांबतो

नियम नाहीत अशी स्थिती नाही. ग्राहकाच्या जागेत वीजपुरवठा जेथून सुरू होतो तेथे पुरवठादाराने अर्थिंगचे टोक उपलब्ध करून द्यावे व ते सुस्थितीत राखावे, हे भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये होते. २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही ते राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने या विनियमांत चार्जिंग स्थानकांसंबंधी खास तरतुदी आल्या आणि २०२३ च्या नव्या विनियमांत त्या पुढे चालू राहिल्या. प्रत्येक चार्जिंग बिंदूला स्वतंत्र सर्किट असावे; सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे; एक्स्टेंशनची दोरी वापरू नये; ३० मिलिअँपियरचा, न्यूट्रलसह सर्व तारा तोडणारा आणि किमान ए प्रकारच्या क्षमतेचा गळती-स्विच असावा; अर्थिंग निकामी झाल्यास पुरवठा आपोआप तुटावा. वर जे जे सांगितले ते सारे या तरतुदींत आहे. भारतीय मानक ब्यूरोची अर्थिंगविषयीची ३०४३ क्रमांकाची संहिता आहे, वायरिंगची ७३२ क्रमांकाची आहे. लिहिणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे.

उणीव आहे ती कायद्याच्या हाताच्या लांबीत. विद्युत निरीक्षक जिनिंग कारखान्याच्या जोडणीची तपासणी करतो. तेथे कापसाचा पुंजका आणि विजेची ठिणगी यांची गाठ पडली तर काय होते हे कारखानदारालाही ठाऊक असते आणि विमा कंपनीलाही. महामार्गावरचे स्थानक किंवा राज्य परिवहन मंडळाच्या विजेवरील गाड्यांचा आगार अभियंत्यांच्या देखरेखीखाली उभा राहतो. पण कारखान्याच्या भिंतीपलीकडे, त्याच डीपीवर जोडलेल्या घरात पडवीतल्या सॉकेटपर्यंत निरीक्षक पोहोचत नाही आणि एवढ्या घरांपर्यंत त्याने पोहोचावे अशी अपेक्षाही व्यवहार्य नाही. त्यातच, वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नव्हे व त्यासाठी परवाना लागत नाही, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. धंद्याला मोकळीक देणारा हा निर्णय स्वागतार्ह होता. त्यामुळे उद्या ढाबेवाला, पानवाला किंवा रसवंतीवाला आपल्या दुकानातला सॉकेट तासावर भाड्याने देऊ शकेल. कायद्याच्या दृष्टीने तो चार्जिंग स्थानकाचा चालक ठरेल. स्वतःच्या दृष्टीने तो सॉकेट असलेला दुकानदारच राहील. या दोन दृष्टींमधल्या अंतरात अपघात घडतात.

न दिसणारा माल

बाजार हे अंतर आपण होऊन भरून काढील काय? अर्थशास्त्राचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

अर्थिंग हा न दिसणारा माल आहे. चांगला खड्डा आणि वाईट खड्डा वरून सारखेच दिसतात: सिमेंटची एक चौकट आणि तिच्यावरचे झाकण. विक्रेत्याला आपण काय पुरले हे माहीत असते, गिऱ्हाइकाला माहीत नसते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा कस गिऱ्हाइकाला पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. अडीच मीटर नळी नीट पुरणारा प्रामाणिक वायरमन जास्त पैसे मागतो. वीतभर तारेने न्यूट्रल जोडणारा कमी मागतो. दिवा दोघांचाही हिरवाच लागतो. अशा बाजारात प्रामाणिक वायरमन टिकावा कसा? जुन्या मोटारीच्या गिऱ्हाइकाला निदान पहिल्या चढावर फसवणूक कळते. अर्थिंगच्या गिऱ्हाइकाला ती वर्षानुवर्षे कळत नाही, आणि कळते तेव्हा दाद मागावयास तो उरेलच असे नाही.

दुसरे असे की, खर्च करणारा आणि धोका सोसणारा हे एकच नसतात. गाडी घेतो घरातला कर्ता पुरुष. सकाळी ओट्यावर सडा घालणारी घरातील बाई असते, गाडीवर चढून खेळणारे शेजारचे पोर असते, दुकान झाडणारा नोकर असतो. भाड्याच्या घरात तर गाडी भाडेकरूची आणि भिंत मालकाची. खड्ड्याचा खर्च दोघेही एकमेकांवर ढकलतात. ज्याच्या जिवाला धोका त्याच्या हाती निर्णय नाही, अशी स्थिती असते तेव्हा समाजाने मध्ये पडावयाचे असते. एरवी सार्वजनिक धोरणाचे प्रयोजन तरी काय?

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पहिला आक्षेप, असे कडक नियम केले तर गरीब माणूस विजेच्या गाडीपासून दूर जाईल. दुसरा, तपासणीचा आणखी एक दाखला म्हणजे चिरीमिरीची आणखी एक खिडकी. पहिल्या आक्षेपाचे उत्तर आकड्यांत आहे. लाखभर रुपयांच्या स्कूटरसाठी दीड-दोन हजारांचा स्विच आणि काही हजारांचा खड्डा हा खर्च पेट्रोलच्या बचतीतून काही महिन्यांत भरून निघतो. अडचण रकमेची नाही. ती रक्कम गाडीच्या किमतीत, कर्जात आणि अनुदानात धरलेली नसते, ही अडचण आहे. बँक गाडीला कर्ज देते, खड्ड्याला देत नाही. गाडीला पथकरात सवलत मिळते, सॉकेटला मिळत नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर या देशाच्याच अनुभवात आहे. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी घरोघर गेली तेव्हा हाच प्रश्न होता: ज्वालाग्राही वस्तू अशा घरात जाणार की जेथे निरीक्षक जाऊ शकत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत प्रत्येक जोडणीमागे १,६०० रुपयांचे साहाय्य देण्यात आले. त्यात सिलिंडरची अनामत होती, तसेच रेग्युलेटर, सुरक्षा नळी, आणि घरी येऊन तपासून मांडणी करून देण्याचा खर्चही होता. सिलिंडर तुम्ही घ्या, नळी तुमची तुम्ही पाहा, असे सरकार म्हणाले नाही. मग गाडी आम्ही स्वस्त करतो, तार तुमची तुम्ही पाहा, असे विजेच्या बाबतीत का म्हणावे?

काय करता येईल

या दिशेने चार गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. पहिली, वाहन ताब्यात देताना ते जेथे चार्ज होणार त्या सॉकेटचा मोजणी-कागद आवश्यक करावा. परवानाधारक वायरमनने अर्थिंगचा विरोध ओहममध्ये मोजून, न्यूट्रल व अर्थिंग वेगळे असल्याची खात्री करून, आरसीसीबीचे बटण दाबून पाहून सही करावी. आकडा लिहिल्याशिवाय 'ठीक आहे' हा शेरा ग्राह्य धरू नये. आकडा खोटा असेल तर तो दुसऱ्याला मोजून पाहता येतो, आणि चिरीमिरीला आळा घालण्यास याहून चांगला उपाय नाही. दुसरी, गाडीच्या अनुदानाचा एक लहान हिस्सा ए प्रकारच्या गळती-स्विचसाठी व खड्ड्यासाठी राखून ठेवावा आणि तो काम झाल्यावरच द्यावा.

तिसरी गोष्ट महावितरणची. राज्यातील चार्जिंगच्या सोयींची समन्वयक संस्था म्हणून शासनाने तिलाच नेमले आहे. प्रत्येक डीपीच्या अर्थिंगची मोजणी वर्षातून एकदा, आणि तीही मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना व्हावयास हवी. पावसाळ्यात घेतलेले मोजमाप काळ्या जमिनीवर फसवे ठरते. जो खड्डा मे महिन्यात टिकला तोच खरा. मोजलेला आकडा आणि तारीख डीपीच्या पेटीवर रंगवून ठेवावी, म्हणजे गावालाही तो वाचता येईल. डीपीचा न्यूट्रल ढिला आणि घराघरांतून उत्तम खड्डे, अशी व्यवस्था अर्धीच सुरक्षित राहते. कायद्याने पुरवठादारावर टाकलेली अर्थिंगच्या टोकाची जुनी जबाबदारीही या निमित्ताने कागदावरून भिंतीवर आली पाहिजे.

चौथी गोष्ट मानवतसारख्या गावांच्या नगरपरिषदांना करता येईल. ज्यांच्या घरी खड्डा खणण्यास जागा नाही, जे भाड्याने राहतात, ज्यांची रिक्षा हेच पोट आहे, त्यांच्यासाठी बाजारपेठेत किंवा बसस्थानकाजवळ छपराखाली दहा-वीस सॉकेटांचा एक चार्जिंग ओटा उभारता येईल. एकच उत्तम खड्डा, प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र स्विच, आणि महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबून त्याची नोंद करणारा एक जबाबदार माणूस. वीस घरांत वीस कच्चे खड्डे करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून विद्युत शाखेची मुले दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना अर्थ टेस्टर हाताळावयास शिकवून हा उपकरणांचा संच तालुक्याला उपलब्ध करून दिला, तर मोजणी हा त्यांना रोजगारही होईल.

यांतील एकाही गोष्टीला नवे संशोधन नको, परदेशी तंत्रज्ञान नको, मोठे भांडवल नको. तीस मिलिअँपियरचा स्विच जुना आहे, खड्डा त्याहून जुना आहे, आणि नियम लिहिलेले आहेत. विजेची वाहने वाढली पाहिजेत, यात दुमत नाही. पेट्रोलवर बाहेर जाणारा पैसा वाचेल, गावाची हवा सुधारेल, मानवतच्या दुकानदाराच्या हातात चार पैसे राहतील. पण ज्या बचतीचा हिशेब आज मांडला जात आहे, तिच्यातील काही रक्कम तिसरी तार न घालून वाचविलेली आहे. ती बचत नव्हे. ते देणे आहे. त्याची वसुली पहिल्या पावसात, ओल्या ओट्यावर होऊ नये असे वाटत असेल, तर येत्या मे महिन्यात जमीन भेगाळलेली असतानाच खड्डे मोजावयास घेतले पाहिजेत.